धूर आधी बघायचा

जुनी डिझेल जीप सुरू होत नसेल, तर लगेच बॉनेट उघडायचं नाही. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरपाशी उभं राहून धूर बघायचा. आमच्या दादाचा हा पहिला नियम, आणि तो दुसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय पण पेटत नाहीये. मग हीटर प्लग बघायचे. धूर अजिबातच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाहीये. मग टाकीपासून पंपापर्यंतची वाट तपासायची. आणि सेल्फच नीट फिरत नसेल, तर डिझेलचा विचारही करायचा नाही, आधी वीज. "तीनच वाटा आहेत," तो म्हणायचा, "कोणती धरायची ते गाडीच सांगते. आपण घाई करतो म्हणून ऐकू येत नाही."

दादाला जाऊन आता काही पावसाळे झाले. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शेवटचा काळ नाशिकच्या खेपांत गेला. मागे राहिलं ते दुकान, ही जीप आणि पत्र्याची हत्यारपेटी. जीपबद्दल त्याने एक ओळही लिहून ठेवलेली नाही. तशी गरजच कधी पडली नाही, कारण गाडी आणि तो एकाच अंगणात राहत होते. मला जेवढं माहीत आहे तेवढं मी लिहिते आहे.

राजूरला आमचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. अकोले तालुक्याचा हा डोंगराचा भाग: इकडे शेंडी, भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर, तिकडे कुमशेत, पाचनई. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. भाताला खत हवं असतं तेही नेमकं त्याच दिवसांत. त्या काळी एसटी जिथवर जाई तिथवर पोतं जाई, पुढे माणसाच्या डोक्यावर. दादाला ते बघवत नसे. म्हणून त्याने एका सरकारी खात्याच्या लिलावात ही जीप घेतली, महिंद्राची एमएम ५४०. आमच्याकडे तिला नुसतं 'पाचशे चाळीस' म्हणतात.

या गाडीचं माहेर दोन ठिकाणी आहे. सांगाडा विलीजच्या जीपचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडलेल्या गाडीचा. महिंद्राने १९४७ मध्ये तिचे सुटे भाग मागवले आणि पुढे मुंबईत जोडणी सुरू केली. इंजिन मात्र फ्रान्सचं. १९७९ मध्ये प्यूजोकडून परवाना घेऊन एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन इथे बनू लागलं. नावातला चार हा सिलिंडरांचा आकडा आणि नव्वद हा प्रत्येक सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एकूण २११२ सीसी. त्याच मापाचं इंजिन प्यूजोच्या ५०४ या मोटारीत होतं, आणि ती मोटार आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून नावाजली. दादाला ही हकीकत फार आवडायची. कुमशेतचा चढ चढताना तो म्हणायचा, हे इंजिन कुठं कुठं जाऊन आलंय, याला आपला घाट काय नवीन.

हे इंजिन थंडीत का अडतं, ते त्याने मला हेड उघडून दाखवलं होतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा वीस पटींहून जास्त दाबायची, दाबली की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. पण या जुन्या रचनेत फवारा सरळ पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये सिलिंडरला लागून एक छोटा कप्पा असतो, डिझेल त्यात पडतं. त्या कप्प्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेतली ऊब ओढून घेतात. म्हणून तिथे हीटर प्लग बसवलेला असतो: एक बारीक सळई, बॅटरीवर तापून लाल होणारी. पुढच्या काळात आलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचं आपल्या हवेत हीटरवाचून भागतं. या इंजिनाचं डिसेंबरातल्या पहाटे भागत नाही.

चारांतला एक प्लग जळला, तर गाडी तीन सिलिंडरांवर लंगडत सुरू होते. सगळी हादरते, मागे पांढरा लोट सोडते, आणि थोड्या वेळाने चौथं पेटलं की थरथर थांबते. दोन जळले, तर पहाटे सुरू होत नाही आणि दुपारी होते. दुपारी होते म्हणून माणसं चालढकल करतात आणि सगळा भार बॅटरीवर नि सेल्फवर टाकतात. दादा प्लग बाहेर काढायचा, पकडीत धरून बॅटरीला लावायचा आणि मोजत बसायचा. चांगला प्लग टोकाकडून लाल व्हायला लागतो. गार राहिला तर मेला. मला ते टोक अंधारात लाल होताना बघायला आवडायचं, म्हणून तो हे काम मुद्दाम दिवस मावळल्यावर काढायचा.

एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी चालू करण्याची एक पद्धत आहे. ती त्याला अजिबात मान्य नव्हती. आत प्लग लाल असताना पेट्रोलची किंवा ईथरची वाफ गेली, तर ती वेळेआधीच भडकते. रिंगा तुटतात, पिस्टनही फुटू शकतो. गॅरेजमध्ये कुणी असं करायला निघालं, तर तो हात धरायचा. "मारून उठवायचं नाही," एवढंच म्हणायचा.

विजेच्या बाबतीत तो कानावर चालायचा. चावी फिरवल्यावर एकच 'टक' झाली आणि पुढे काही नाही, तर सेल्फला करंट कमी पडतोय किंवा त्याचे कार्बन झिजलेत. 'टकटकटकटक' अशी माळ लागली, तर बॅटरी उतरली. नुसताच मोकळा 'घर्रर्र', इंजिन जागचं हलत नाही, तर सेल्फचा दाता चाकात शिरत नाहीये. आणि इंजिन कण्हत, ओढत फिरत असेल, तर मात्र घाईने नवी बॅटरी आणायची नाही. आधी हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे पार विझले, तर बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर दोष. मीटर लावला, तर भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तिचे दिवस भरले. टर्मिनलवर पांढरा-निळा क्षार चढला असेल, तर गरम पाणी आणि खायचा सोडा, मग घासून स्वच्छ, मग वरून ग्रीस.

हे सगळं ठीक असूनही गाडी कण्हत असेल, तर अर्थ. अर्थचं काम मला सगळ्यात उशिरा समजलं आणि समजल्यावर सगळ्यात पटलं. इंजिन चासीवर सरळ टेकलेलं नसतं, ते रबराच्या तुकड्यांवर बसवलेलं असतं, म्हणजे त्याची थरथर गाडीत उतरू नये. पण रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तारेची एक चपटी विणलेली पट्टी लागते. सेल्फने खेचलेला सगळा करंट परत जातो तो त्या पट्टीने. ती खाली असते, चिखल उडतो, बोल्ट गंजतो, तारा एकेक करून तुटतात. माणूस बॅटरी बदलतो, सेल्फ खोलतो, पैसे घालतो, आणि दोष त्या पट्टीत असतो. दादाची परीक्षा सोपी होती. बॅटरीच्या वजा टोकापासून एक जाड वायर थेट इंजिनच्या अंगाला लावायची आणि सेल्फ मारायचा. फिरकी सुधारली, की पट्टी बदला.

शेवटच्या दिवसांत नाशिकला त्याचा पलंग खिडकीजवळ होता. खाली रुग्णवाहिका उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी त्यातली एक सुरू होईना, चालक पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. दादाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलाय. तेवढ्यात तो म्हणाला, "बॅटरी नाहीये गं ती. अर्थ आहे. जा, सांग त्याला." मी जिना उतरून गेले. चालकाने माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं, पण वाकून खाली हात घातला, आणि पट्टी नटापासून सुटून लोंबत होती. मी वर येऊन सांगितलं तेव्हा दादा खरंच झोपला होता.

मला तो क्रम येतो. बॅटरी, टर्मिनल, अर्थ, सेल्फ, धूर, हीटर, डिझेलची वाट. पाठ आहे, आणि त्या क्रमाने मी आजही दोषापर्यंत पोहोचते. पण तिसऱ्या मजल्यावरून, ताप असताना, डोळे मिटून मी ते ओळखू शकणार नाही. तो कान त्याच्याबरोबर गेला. लोक सांत्वनाला आले तेव्हा त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलत होते आणि ते खरंच होतं. मला मात्र रडू यायचं ते त्या कानासाठी. असा कान व्हायला आयुष्य लागतं, आणि तो कुणाच्या नावावर करता येत नाही.

डिझेलच्या वाटेत हवा शिरली की काय करायचं, ते मी भर पावसात शिकले. घाटघरहून परत येत होतो. मागे रिकामी पोती आणि शेंडीला दवाखान्यात निघालेले एक म्हातारबाबा. गाडी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. सेल्फ छान फिरतोय, धूर नाही. म्हणजे डिझेल नाही, आणि टाकीत तर डिझेल आहे. म्हणजे मध्ये हवा. पातळ डिझेल दाबलं जात नाही म्हणून पंप ते नोझलपर्यंत रेटू शकतो. हवा मात्र दाबली जाते आणि सुटली की पुन्हा पसरते. पंप मारत राहतो, नोझल उघडतच नाही.

दादाने बॉनेट उचललं. वरून धारा. म्हातारबाबा न बोलता खाली उतरले, अंगावरचं इरलं काढलं आणि इंजिनावर धरलं. स्वतः भिजत उभे राहिले. दादाने आधी फिल्टरच्या भोवतीचा चिखल चिंधीने पुसून काढला, कारण उघडल्यावर आत एक कण गेला तरी तो पुढे नोझलचं भोक अडवतो. मग फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू काढला, त्याचा तांब्याचा वायसर ओठांत धरला, आणि फीड पंपाची दांडी हाताने मारायला लागला. आधी नुसता फेस आला. मग डिझेलमधून बुडबुडे. मग बुडबुडे बारीक झाले. मग एकसंध धार. धार आल्यावरही तो थोडा वेळ दांडी मारत राहिला, आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळला. नंतर पुढच्या पंपाचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलवरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा ढिले करून मला सेल्फ मारायला सांगितलं. नटांपाशी डिझेल पाझरू लागल्यावर एकेक आवळला. इंजिन एका सिलिंडरवर खोकलं, मग दोनांवर, मग लागलं. म्हातारबाबांनी इरलं झटकलं आणि काहीच झालं नसल्यासारखे मागे जाऊन बसले.

दादा गेल्यावर जीप पडवीत उभी राहिली. कुणी मुद्दाम ठेवली असं नाही, कुणाचा हातच गेला नाही. एक अख्खा पावसाळा तसाच निघून गेला. मग वहिनीचा फोन आला. "वन्सं, गाडी सुरू होत नाहीये. पोरगा रोज सेल्फ मारतोय. तुम्ही येऊन बघता का?"

भाच्याला मी मागे उभं केलं आणि सेल्फ मारला. बॅटरी उतरलेली होतीच, ती भरून आणली. टर्मिनल घासली, पट्टी बघितली. सेल्फ चांगला फिरू लागला. "आत्या, धूर नाही," तो मागून ओरडला. मग फिल्टरचा स्क्रू, फीड पंपाची दांडी. फेस, बुडबुडे, धार. गाडी सुरू झाली, मिनिटभर चालली आणि बंद पडली. पुन्हा एअर काढली, पुन्हा तेच. बुडबुडे संपतच नव्हते. म्हणजे हवा कुठून तरी आत ओढली जात होती, आणि हे फक्त टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात घडतं, कारण तिथे डिझेल शोषलं जातं. तिथे भेग असेल, तर बाहेर थेंब दिसत नाही. हवा आत जाते. पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली भेग ओलसर होऊन आपणच आपला पत्ता सांगते.

खात्री करायची तर टाकीला मध्ये घ्यायचं नाही. एका स्वच्छ डब्यात डिझेल घेतलं, डबा बॉनेटच्या उंचीवर ठेवला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडला. गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. दोष वाटेतच होता. मी चटई टाकून खाली शिरले. चासीच्या कडेने लोखंडी नळी येते, आणि इंजिनाजवळ रबरी नळीचा एक तुकडा असतो, कारण इंजिन हलतं. त्या तुकड्यावर, क्लिपच्या आड, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि वरून तांब्याच्या तारेचे वेढे. एकाला एक चिकटून, मोजून घातल्यासारखे, शेवटचं टोक आत वळवलेलं, हाताला टोचू नये म्हणून. दादाची बांधणी. कधीतरी कुठल्या तरी चढावर, बहुधा एकटा असताना, त्याने ती केली होती आणि घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. ट्यूबचं रबर आता वाळून कडक झालं होतं आणि भेग पुन्हा उघडी पडली होती.

मी बराच वेळ खालीच राहिले. भाच्याने विचारलं, "सापडलं का?" मी हो म्हटलं. ती बांधणी कापावी लागली. दुसरा इलाज नव्हता. डिझेलची नवी नळी आणली, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावले, एअर काढली. जीप लागली आणि बंद पडली नाही. वहिनी आवाज ऐकून दारात आली, जरा वेळ उभी राहिली आणि आत निघून गेली.

आता टायर. दादाचे आणि भाच्याचे मतभेद इथे आहेत, आणि त्यांतला एक आता बोलू शकत नाही म्हणून त्याची बाजू मी मांडते.

जीपला मुळात ६.००-१६ चे टायर असतात: सोळा इंची रिम, सहा इंच रुंदी, आत ट्यूब, आणि लष्करी गाड्यांची ती जाड ठोकळ्यांची नक्षी. दिसायला ते किरकोळ वाटतात. आजकाल हौसेने जीप सजवणारे हमखास रुंद टायर घालतात, गाडी दणकट दिसते. दादाचं म्हणणं असं, की टायर दिसण्यावर घ्यायचा नाही, मातीवर घ्यायचा. आमच्याकडचा चिखल वीतभर असतो आणि त्याखाली मुरूम नाहीतर कातळ लागतो. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि त्या टणक तळाला धरतो. रुंद टायर वरच्या वर राहतो, आणि उतारावर चिखलावर तरंगणारी गाडी चालकाचं ऐकत नाही, दरीचं ऐकते. नेवासा-श्रीरामपूरकडच्या काळ्या रानात गोष्ट वेगळी. तिथे तळ लवकर लागत नाही, अरुंद टायर रुततच जातो, तिथे रुंदी कामाला येते. शिवाय ती माती खाचांमध्ये घट्ट बसते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो, म्हणून खाचा मोठ्या आणि मोकळ्या हव्यात. एकच टायर सगळ्या महाराष्ट्राला चालतो असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हवेचंही तसंच. डांबरावर २८-३० पाउंड, चिखलात १८-२० पर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरून जास्त जागा धरतो. त्याखाली ट्यूबच्या टायरमध्ये जायचं नाही. हवा फार कमी झाली, की रिम आतल्या आत फिरते, टायर मागे राहतो, तो ट्यूबला ओढतो आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो. रिमच्या भोकातून येणारा वॉल्व्ह तिरका दिसू लागला, की तिथेच थांबून हवा भरायची. दादा चिखलातून बाहेर आला, की चारही चाकांना एक फेरी घालायचा. लोकांना वाटे पंक्चर बघतोय. तो वॉल्व्ह बघत असे.

आणि चारही टायर एका मापाचे, शक्यतो एकाच झिजेचे. फोर बाय फोर लावल्यावर या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर दोन्हींच्या फेऱ्या जुळत नाहीत, आणि तो ताण गिअरांवर येतो. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण निघून जातो, डांबरावर निघत नाही. म्हणून डांबर लागलं, की फोर बाय फोर काढायचं. दादा बोलता बोलता, न बघता ती दांडी काढायचा.

भाच्याला एकतीस इंची रुंद टायर हवे होते. त्याला एका दुकानात तसं पटवलंही होतं. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. आपला टायर साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. एकतीस घातला, की चाक जवळजवळ नऊ टक्क्यांनी मोठं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब. साठ-बासष्ट हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे खताची पोती, कुमशेतचा चढ: क्लच किती दिवस टिकेल? स्टिअरिंगला पॉवर नाही, रुंद टायर उभ्या गाडीत वळवताना सगळा जोर पुढच्या सांध्यांवर. मीटर चाळीस दाखवील तेव्हा गाडी त्रेचाळीस-चव्वेचाळीसने जात असेल, आणि ब्रेक मात्र जुनेच.

पण त्याचंही एक म्हणणं मला खोडता आलं नाही. "आत्या, बाबा जायचे तेव्हा रस्ता कच्चा होता. आता डांबर झालंय. मी शंभरातले नव्वद वेळा डांबरावरच असतो, आणि हे टायर ओल्या डांबरावर धरत नाहीत." ते खरं आहे. जुन्या धाटणीचा तो टायर डांबरावर आवाज करतो, चाकोरीत गाडीला इकडेतिकडे ओढतो, आणि पावसात ब्रेक मारल्यावर रेडियलइतका लवकर थांबत नाही. शिवाय होते ते टायर म्हातारे झाले होते. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेवर ठोकलेले चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर कडक पडलं होतं, ठोकळ्यांच्या बुडाशी केसासारख्या भेगा होत्या. जो टायर चिखलातच जास्त चालतो तो झिजून जात नाही, वयाने जातो. दादा असता तर त्यानेही ते काढले असते.

शेवटी बोलेरोच्या पंधरा इंची रिम घेतल्या. दोन्ही गाड्यांना पाच बोल्ट आणि बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंचांचंच. त्यावर २१५/७५ आर १५ चे रेडियल, जे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. व्यास जुन्या टायरपेक्षा पाऊणएक इंच कमी, म्हणजे गिअर लांबत नाहीत. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना, ते बघितलं. रुंदी वाढली, पण तरंगण्याइतकी नाही. हा निर्णय दादाचा नाही, पण त्याच्या रीतीने घेतलेला आहे: आधी माती, मग माप, शेवटी दिसणं. सोळा इंची रिम विकल्या नाहीत. साम्रदच्या वरच्या वस्तीला अजूनही शेवटचा तुकडा कच्चा आहे.

भाचा आता दुकान बघतो, आणि लावणीच्या दिवसांत जीप भरून पोती घेऊन जातो. हीटर प्लगचं काम तोही तिन्हीसांजेला काढतो. त्याच्या बापाने त्याला कधी तसं सांगितलेलं नव्हतं, मी सांगितलं.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी डिझेल गाडी उभी असेल, तर तिला महिना-महिना तशीच ठेवू नका. आठवड्याकाठी नुसती सुरू करून बंदही करू नका, त्याने बॅटरी भरत नाही. गावाबाहेरपर्यंत नेऊन आणा. टायरवरचे चार आकडे वाचा. ती गाडी चालवणारा माणूस घरात असेल, तर पुढच्या वेळी तो बॉनेट उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा, आणि तो काय ऐकतोय ते विचारा. आणि टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या रबरी नळ्या, क्लिपच्या आडच्या सुद्धा, या पावसाळ्याआधी बदलून घ्या.